डेल्मरची टीव्हीवरची बायको

आमच्या डेल्मरला टीव्हीवर कधी घर मिळालं नाही. खुर्च्या मात्र भरपूर मिळाल्या. न्यायाधीशाची खुर्ची, बँक मॅनेजरची खुर्ची, शाळेच्या मुख्याध्यापकाची फिरती खुर्ची. पण संध्याकाळी दार उघडून आत यावं, टोपी खुंटीला अडकवावी आणि "काय केलंयस जेवायला?" असं कुणाला तरी विचारावं, असा एक प्रसंग एवढ्या वर्षांत त्याच्या वाट्याला आला नाही. यायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि जायचा. कधी कधी जायच्या आधी मरायचा.

"एकदा मला बायको द्या रे कुणीतरी," नवीन काम आलं की तो कागद चाळत म्हणायचा.

"आहे तिला विचार आधी," मी म्हणायचे.

"तुझं वेगळं, ग्लेंडा. मी टीव्हीवरची म्हणतोय."

म्हणायचा चेष्टेत, पण ती चेष्टा नव्हती. त्याचं म्हणणं असं, की कोर्टात बसलेला माणूस खरा कसा आहे ते कुणाला कळत नाही. तो जेवायला बसला की कळतं. आणि जेवायच्या टेबलाशी त्याला कुणी बसवतच नव्हतं. चेहराच तसा होता. भुवया जाड, जबडा चौकोनी, केस पांढरेशुभ्र. बघणाऱ्याला वाटावं, हा आता आपल्याला शिक्षा सुनावणार. घरी हाच माणूस लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून मला हाक मारतो, पण ते मालिकावाल्यांना कुठे ठाऊक?

आमच्या भागात, बर्बँकपासून व्हॅन नाइसपर्यंत, त्याचा चेहरा न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि नाव ठाऊक असलेलाही सापडायचा नाही. सुपरमार्केटमध्ये हमखास कुणीतरी थांबायचं. "तुम्ही आमच्या रस्टीच्या लग्नात होतात ना?" "तुम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसता का हो?" एका गृहस्थांनी तर छप्पर अजून गळतंय म्हणून भर दुकानात त्याला झापलं, त्यांना वाटलं, छप्पर घालून गेलेला कंत्राटदार हाच. दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. डेल्मर कसला जातोय. हा ट्रॉली बाजूला लावायचा, पोट आत ओढायचा आणि अगदी पहिल्या कामापासून सुरुवात करायचा. कुठल्या मालिकेत कुणाला जन्मठेप दिली, कुठल्या मालिकेत कुणाचं कर्ज नाकारलं, कुठे जिन्यावरून पडून मेला. समोरचा बिचारा या पायावरून त्या पायावर, आणि ट्रॉलीत आमचं आइस्क्रीम पातळ होतंय.

मी व्हॅन नाइसलाच एका दातांच्या डॉक्टरांकडे फोनवर बसायचे. रिटायर होईपर्यंत तेच केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विव्हळणारी माणसं. त्यांच्याशी आवाज चढवून चालत नाही आणि गोडगोड बोलूनही चालत नाही. "हो, दुखणारच. गुरुवारी दहाला या." एवढंच. घरी आले की दुसरी पाळी सुरू. स्वयंपाकघरात डेल्मर हातात संवाद घेऊन उभाच. वाक्यं त्याची दोन आणि बाकीच्यांची ढीगभर, आणि तो ढीग माझ्या गळ्यात. कांदा चिरता चिरता मी खुनी झाले, सरकारी वकील झाले, हरवलेलं पोर झाले, एकदा तर बोलणारा पोपटही झाले.

त्याला एक नियम होता, लग्न झाल्यापासूनचा. "ग्लेंडा, अभिनय करू नकोस. फक्त वाच. अभिनय मी करतो."

करायचाही. असा करायचा की शेजारची कुत्री भुंकायला लागायची. "साक्षीदाराने बसावं" एवढंसं वाक्य, त्यात हा तीनदा थांबणार आणि एकदा चष्मा काढणार. मी एकदोनदा सुचवून बघितलं, की अरे, साधं म्हण ना. पण घरच्या माणसाचं ऐकतंय कोण?

दुसरा नियम त्याने स्वतःला लावून घेतलेला. दिग्दर्शक कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही, मग आभाळ कोसळो. एकदा प्रेत होऊन पडलेला असताना त्याच्या नाकावर गांधीलमाशी बसली. हा हलला नाही. चावली, तरी हलला नाही. नाक हे एवढं घेऊन घरी आला, पण काय तो अभिमान. पुढे ती मालिका लागली तेव्हा बघितलं तर त्या वेळी कॅमेरा त्याच्या बुटांवर होता.

जेवणाच्या खऱ्याखुऱ्या टेबलाशी मात्र तो रोज बसायचा, आणि तिथलं त्याचं वाक्य एकच. "मीठ दे." डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून मिठाची बाटली माझ्या बाजूला असते. "नाही," मी म्हणते. तो त्या न्यायाधीशाच्या भुवया वर करून माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे गुरुवारी-दहाला-या अशा नजरेने बघते. हा खटला काही पुढे सरकत नाही.

तर असं चाललेलं असताना बर्निसचा फोन आला. बर्निस म्हणजे डेल्मरची एजंट. ती त्याच्याहूनही म्हातारी आहे आणि अजून उंच टाचांचे बूट घालते. म्हणाली, बर्फाळ गावातल्या पोलिसांची एक मालिका आहे, त्यात एमेट नावाच्या शेतकऱ्याचं काम आहे. नाव असलेला माणूस. तीन भागांत. आणि त्याला बायको आहे, रूथ म्हणून, आणि पहिलाच प्रसंग जेवणाच्या टेबलाशी.

डेल्मरने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. मग म्हणाला, "सूप आहे त्यात, ग्लेंडा. मी सूप पितो."

हल्ली ऑडिशनला कुणी बोलावत नाही. घरीच फोनवर व्हिडिओ काढायचा आणि पाठवून द्यायचा. आमच्या हॉलच्या भिंतीला निळी चादर टाचण्यांनी लावायची, इस्त्रीच्या टेबलावर डबे रचून त्यावर फोन उभा करायचा, डेल्मरने चादरीपुढे बसायचं आणि मी फोनच्या मागे उभं राहून बाकीच्यांचे संवाद वाचायचे. गालिच्यावर हा रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवणार, त्याची जागा लाल, माझी पिवळी. घरी आलेली माणसं चुकून त्या पट्ट्यांवरच उभी राहतात.

प्रसंग लहानच होता. एमेट बर्फातून ट्रक चालवत घरी येतो. रस्त्यात त्याच्या हातून कुणीतरी गाडीखाली आलंय आणि तो घाबरून न थांबता तसाच निघून आलाय. बायको सूप वाढते.

"रस्त्यात काहीतरी आडवं आलं," एमेट म्हणतो.

"हरीण?" रूथ विचारते.

"हरीण नव्हतं."

"सूप गार होतंय."

"रूथ, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. आधी जेव. मग कोट घालू आणि दोघं जाऊ पोलिसांकडे."

"तू कशाला?"

"गाडी मी चालवीन."

बस, एवढंच. डेल्मरने त्याचं महाभारत केलं. "हरीण नव्हतं" म्हणताना त्याने डोळे मिटले, ओठ थरथरवले आणि शेवटच्या शब्दाला असा काही आवाज खाली नेला की मला वाटलं, आता हा तळघरात पोचला. पहिल्या वेळी शेजारच्या माळ्याने पानं उडवायचं मशीन सुरू केलं. दुसऱ्या वेळी वरून हेलिकॉप्टर गेलं. तिसऱ्या वेळी सगळं शांत होतं, डेल्मर ऐन रंगात आला होता, आणि "रस्त्यात काहीतरी आडवं आलं" म्हणताना वरची टाचणी निघाली आणि अख्खी चादर त्याच्या डोक्यावर.

दुसरा कुणी हसला असता, उठला असता. पण कट म्हणायला होतं कोण? हा चादरीखाली बसूनच एमेट करत राहिला. मला ओव्हनमधली कोंबडी दिसत होती; ती करपली असती. म्हटलं, हा काही थांबत नाही, आपणच आवरावं. कागद हातात धरून मी वाचतच पुढे गेले. "हरीण?" म्हणत चादर त्याच्या डोक्यावरून काढली. "हरीण नव्हतं," तो म्हणाला, केस उभे. मी त्याचे केस नीट केले, टाचणी दातात धरली, चादर पुन्हा भिंतीला लावली आणि टाचणी दातातच असताना म्हटलं, "सूप गार होतंय." असं शेवटपर्यंत. मग मी कोंबडी काढायला गेले.

चौथ्यांदा काढलेला व्हिडिओ चांगला आला होता. मी म्हटलं, हा पाठव. पण डेल्मरला तिसराच आवडला.

"अरे, चादर पडलीय त्यात. मी दिसतेय त्यात, गाऊनवर."

"तू कुठे लक्षात येतेस? माझ्याकडे बघ. डोक्यावर चादर पडली तरी मोडलोय का मी? कळू दे त्यांना, मुरलेला नट कशाला म्हणतात ते."

आणि पाठवला. नटाने आपला कुठला व्हिडिओ चांगला ते स्वतः कधी ठरवू नये, पण हे नटाला सांगायचं कुणी?

आठवड्याभराने बर्निसचा फोन आला. डेल्मर फोन नेहमी स्पीकरवर टाकतो, मला ऐकू यावं म्हणून नाही, भिंतींना ऐकू जावं म्हणून.

"डेल्मर, तू पाठवलेलं त्यांना फार म्हणजे फार आवडलं," बर्निस म्हणाली. "सगळ्या ऑफिसने बसून दोन-दोनदा बघितलं. तू बसलायस का?"

"बसतो."

"एमेटचं काम कॉर्बिन लॅश करतोय. मोठं नाव आहे, काउबॉयच्या सिनेमांतलं, त्यांना ते हवंच होतं. पण त्यांना ती बाई हवीय."

"कुठली बाई?"

"चादर लावणारी."

फोनमधून बर्निसच्या घरची कॉफीची भांडी ऐकू येत होती. "रूथच्या कामाला त्यांना तीच हवीय," ती म्हणाली. "कोण आहे रे ती? कुठल्या एजंटकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," डेल्मर म्हणाला. मग त्याने मला फोन दिला, "वा, छान झालं," म्हणाला आणि झाडं कापायची कात्री घेऊन मागच्या अंगणात गेला. संध्याकाळपर्यंत आमच्या लिंबाच्या झाडाचा खराटा झाला.

मला आनंद वगैरे काही झाला नाही. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. ज्या टेबलासाठी हा माणूस जन्मभर दारात उभा राहिला, तिथली खुर्ची मला, गाऊनवर उभी असताना. आणि ही मला मिळालेली कशी, तर त्यानेच पाठवून. मी ठरवलं, नाही म्हणून टाकायचं. त्याच्या तोंडचा घास काढून मी कशाला खाऊ? पण पुढचे दोन दिवस तो इतका सभ्यपणे वागत होता की विषय काढायची सोय नव्हती. "धन्यवाद, ग्लेंडा," म्हणत होता, कॉफी दिली तरी. भांडला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी जेवताना त्यानेच काढलं. "बर्निसला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. नाही म्हणणार आहे."

"का?"

"दातांच्या दवाखान्यातल्या बाईचं काम आहे का ते?"

"हे कारण नाही."

"नाही," मी म्हटलं. "तू कारण आहेस."

त्याने काटा खाली ठेवला. "वाईट वाटलं मला. खोटं कशाला सांगू, अजून वाटतंय. पण तू नाही म्हणालीस तर काय होईल? दोघंही बाहेर. त्यापेक्षा आपल्या घरातलं कुणीतरी एकदा त्या टेबलाशी बसू दे."

"आणि मी तिथे एकटी जाऊन काय करू? मला कुणी ओळखत नाही, काही नाही."

"गाडी मी चालवीन," डेल्मर म्हणाला.

म्हणाला आणि दोघांच्याही लक्षात आलं की हे वाक्य कुणाचं आहे. दोघांनीही तसं दाखवलं नाही. मी शेंगांची वाटी पुढे केली.

"मीठ दे," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं, आणि मला जरा बरं वाटलं.

मग सुरू झालं शिक्षण. सकाळ-संध्याकाळ. कॅमेऱ्यात बघायचं नाही, वाक्य संपल्यावर लगेच पापणी लववायची नाही, चमचा ज्या शब्दाला उचललास त्याच शब्दाला प्रत्येक वेळी उचलायचा. एमेटचे संवाद तो म्हणायचा. म्हणजे काय, कपाटातल्या कपबश्या हलायच्या. "हरीण नव्हतं!" की मी दचकायचेच. त्याला वाटायचं, त्याचा परिणाम होतोय. मी काही बोलले नाही. जखम ताजी होती.

शूटिंग सँटा क्लॅरिटा गावात होतं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि आत एका प्रचंड गोदामात बर्फाळ गावातलं स्वयंपाकघर. मला दोन लोकरी स्वेटर चढवले. वाक्य "सूप गार होतंय" आणि सूप सकाळपासूनच गार. डेल्मरला मात्र तिथे सगळे ओळखत होते, आणि नुसत्या चेहऱ्याने नव्हे. दिवे लावणारे, गाड्या ढकलणारे, मेकअपवाल्या, सगळे. "काय न्यायमूर्ती, आज कुणाला आत टाकताय?" "आज मी ड्रायव्हर," तो सांगत होता. "या बाईंचा." प्रत्येकाला सांगत होता, आणि तेही मोठ्या आवाजात. मला कळत होतं, त्याला ते आधी स्वतः म्हणून टाकायचं होतं, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

दिग्दर्शक इमानी नावाची तरुण बाई होती, शांत, केसांना पिवळा रुमाल बांधलेली. कॉर्बिन लॅशही माणूस वाईट नव्हता. पण त्याला विमान गाठायचं होतं. आधी आम्ही दोघं दिसतो असं काढलं, मग त्याचे क्लोजअप काढले आणि मी कॅमेऱ्याशेजारी बसून त्याला माझी वाक्यं देत राहिले. ते झाल्यावर त्याने माझा हात हातात घेतला, "तुम्ही फार छान आहात, मॅडम," म्हणाला आणि गेला.

डेल्मर खाण्याच्या टेबलाजवळ उभा होता. त्याचा चेहरा मी लांबून बघितला. इतका मोठा गुन्हा त्याने कोर्टातसुद्धा कधी ऐकला नसेल. या धंद्यात रीत अशी, की दुसऱ्याचा क्लोजअप असला तरी चांगला नट कॅमेऱ्याशेजारी थांबतो आणि तेवढ्याच जीवाने वाक्यं देतो. डेल्मर मेलेल्याचं काम असलं तरी थांबायचा, न जाणो कुणाला बघायला प्रेत लागलं तर.

आता माझी पाळी. कॅमेरा माझ्यावर, समोरची खुर्ची रिकामी, आणि एमेटची वाक्यं वाचायला स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या बाई. त्यांचं काम ते नव्हे. "हरीण नव्हतं" त्या असं म्हणाल्या, जसं काही पुढचा थांबा सांगतायत. आणि मी काय करावं? मी अभिनय केला. ओठ थरथरवले. भुवई उचलली. थांबले. मला कळत होतं मी कुणाची नक्कल करतेय, पण अंगात शिरलेलं ते निघेना.

"कट," इमानी म्हणाली. माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसली. "ग्लेंडा, त्या चादरीच्या वेळी बोललात ना, तसंच हवंय मला. बाकी काही नको."

पण त्या वेळी मी कशी बोलले होते ते मला कुठे ठाऊक? माझं लक्ष कोंबडीकडे होतं. पुन्हा केलं, आणखी वाईट झालं. मग आणखी. घाम स्वेटरमधून खाली यायला लागला. सगळी माणसं इतकी समजूतदारपणे गप्प होती की मला रडू येईल असं वाटलं. मनात आलं, जे टेबल डेल्मरने सोडलं, ते मी त्याच्यासमोर वाया घालवतेय. हे त्याने घरी जाऊन कधी बोलूनही दाखवलं नसतं.

"माझ्या नवऱ्याने वाचलं तर चालेल का?" मी विचारलं.

इमानीने मागे वळून बघितलं. डेल्मरच्या तोंडात डोनट होता. तो त्याने गिळला, हात पँटला पुसले आणि आला. येताना बघते तर काय, जाकीट खाली ओढलं, मान ताठ केली, घसा खाकरला. मी ओळखलं. निकाल वाचायच्या आधी तो हेच करतो. आता कपबश्या हलणार.

"डेल्मर," मी म्हटलं. "अभिनय करू नकोस. फक्त वाच."

सगळे हसले. दिवेवाले तर मोठ्याने. डेल्मर हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी त्याच्या मनात शिरलं ते मला दिसलं. मग त्याने एक लाकडी खोका ओढला, कॅमेऱ्याला अगदी चिकटून ठेवला आणि त्यावर बसला, जसा घरी बसतो तसा, पाठीत वाकून. कागद घेतला नाही. इमानीने ॲक्शन म्हटलं.

"रस्त्यात काहीतरी आडवं आलं," तो म्हणाला.

हा आवाज टीव्हीने कधी ऐकला नव्हता. त्याचा भाऊ गेला त्या दिवशी हॉलमधल्या फोनवरून वळून तो ज्या आवाजात मला म्हणाला, की लेस्टर गेला, तो आवाज. त्यात काही नव्हतं. थांबणं नाही, थरथर नाही. एक म्हातारा माणूस आपल्या बायकोला सांगत होता.

"हरीण?"

"हरीण नव्हतं."

मला रडू आलं नाही. मला त्याला आधी जेवू घालावंसं वाटलं. "सूप गार होतंय," मी म्हटलं.

पुढचं सगळं तसंच झालं, मी काही केलं नाही. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. "गाडी मी चालवीन" झालं. तिथे प्रसंग संपतो. पण इमानीने कट म्हटलं नाही. ती का गप्प राहिली मला माहीत नाही. म्हणाली मागाहून, की शब्द सुचला नाही. आणि कट म्हटल्याशिवाय आमचा माणूस थांबतोय थोडाच. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग डेल्मर हळूच म्हणाला, "मीठ दे."

मिठाची बाटली माझ्याच बाजूला होती. मी ती उचलली आणि त्याला दिली.

त्याने हात पुढे केला, घेतली, आणि एवढा वेळ धरून ठेवलेला त्याचा चेहरा तिथे जरासा हलला. मीठ मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या जन्मातलं सगळ्यात चांगलं काम त्याने त्या दिवशी केलं, आणि कॅमेरा त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

"कट," इमानी म्हणाली, आणि डोळे पुसायला केसांचा रुमाल सोडला. स्क्रिप्टवाल्या बाई म्हणाल्या, "हात आलाय चौकटीत." इमानी म्हणाली, "येऊ दे."

घरी जाताना, आमच्या गल्लीत वळताना तो म्हणाला, "मीठ दिलंस तू."

"ते तिथलं होतं," मी म्हटलं. "घरचं मिळायचं नाही."

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही दोघंच सोफ्यावर होतो. बर्निसला बोलावलं होतं, पण ती म्हणाली, नटांबरोबर बसून त्यांचंच काम बघणं डॉक्टरांनी मना केलंय. कॉर्बिन लॅश चांगला करत होता. मग माझा चेहरा आला, केवढा मोठा तो. मी स्वतःकडे बघितलं नाही. मी बघत होते ती बाई कुणाकडे बघतेय ते. देशभरच्या लोकांना वाटलं असेल, ती कॉर्बिन लॅशकडे बघतेय.

शेवटी मी मिठाची बाटली पुढे केली आणि बाजूने एक हात आला. बोटं जाड, करंगळी वाकडी, गॅरेजच्या दारात सापडून मोडलेली. बाटली घेऊन हात गेला. डेल्मरला टीव्हीवर घर मिळालं ते असं, मनगटापर्यंत.

त्याने रिमोटने मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा.

"बरा केलाय," म्हणाला.

"कोण? मी?"

"हात. काही जास्त केलेलं नाही त्याने. घेतली बाटली आणि गेला." मग म्हणाला, "असं आहे होय ते."

शनिवारी आम्ही सुपरमार्केटमध्ये होतो. सूपच्या डब्यांजवळ एक बाई थांबली, आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघू लागली. मी सवयीने ट्रॉली बाजूला घेतली, डेल्मरला जागा करून दिली. पण ती माझ्याकडे आली.

"तुम्ही रूथ ना? त्या सूपवाल्या? मी आणि माझी बहीण इतक्या रडलो, काय सांगू तुम्हाला." मग तिचं लक्ष डेल्मरकडे गेलं. कपाळाला आठी घालून बघत राहिली. "आणि तुम्हाला पण कुठेतरी बघितलंय हो मी. नक्की बघितलंय. तुम्ही कोण?"

मी मनात म्हटलं, झालं. आता पहिल्या जन्मठेपेपासून सुरुवात. आइस्क्रीम होतं ट्रॉलीत.

डेल्मरने पोट आत ओढलं नाही. घसा खाकरला नाही. "मी हिचा नवरा," तो म्हणाला, त्या आवाजात, आणि ट्रॉली ढकलत पुढे चालायला लागला.

ती बाई आणि मी दोघी बघत राहिलो. मग मी त्याला पैसे द्यायच्या रांगेत गाठलं. ट्रॉलीत पावाच्या खाली लपवलेली मिठाची बाटली काढली आणि बाजूच्या फळीवर ठेवून दिली.